मदत हवी आहे: चौघांच्या टेबलावर काउंटर टाकायची वेळ नेमकी कोणती?

नमस्कार. प्रश्न मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा आहे. फॉरमॅट कमांडर (यात प्रत्येकाचं एक मुख्य कार्ड, कमांडर, वेगळं ठेवलेलं असतं), खेळाडू चार. आम्ही नागपुरात, धरमपेठेत एका मित्राकडे रविवारी जमतो. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते, त्यामुळे डाव लांबतात आणि वादही लांबतात. दोघांच्या खेळात काउंटरवरून, म्हणजे दुसऱ्यानं टाकलेलं कार्ड रद्द करण्यावरून, आमचं कधी वाजलं नाही. चौघं बसले की मात्र दर वेळी तेच भांडण, आणि आता ते मिटवायलाच हवं, कारण माझी दोन चुलत भावंडं नुकतीच खेळायला लागली आहेत. त्यांना आत्ताच चुकीची सवय लागलेली मला नको आहे.

झालं असं. पाळी 'अ'ची. त्यानं आठ लँड (मॅना, म्हणजे कार्ड टाकायची किंमत, देणारी कार्डं) टॅप करून, म्हणजे आडवी करून, क्रेटरहूफ बिहेमथ टाकला. तो उतरला की टाकणाऱ्याच्या सगळ्या क्रीचरचं बळ वाढतं. त्याच्यासमोर आधीच सहा छोटे क्रीचर (हल्ला करणारी कार्डं) होते, म्हणजे बिहेमथ उतरला की आम्हा तिघांचाही खेळ आटोपला. त्याच्यानंतर क्रमाने 'ब', मग 'क', शेवटी मी. 'ब'ची दोन निळी लँड उघडी होती. तरी तो म्हणाला, "चालू दे." 'क' म्हणाला, "माझ्याकडे काही नाही." माझ्याकडेही उत्तर नव्हतं, मी पास केलं. तेवढ्यात 'ब'नं काउंटरस्पेल समोर ठेवलं, "मग मीच टाकतो."

"आता काहून टाकून राहिला बे? सगळ्यांनी पास केलं ना!"

"तुझा बिहेमथ अजून हातातच आहे. टेबलावर ठेवलाच कुठं तू?"

'ब'चं म्हणणं मी मोडीत काढत नाही. तो सगळ्यात आधी बसलेला. तिघांनाही वाचवायचं आहे, मग नेहमी त्यानंच आपलं काउंटर का खर्च करावं? पुढच्यांकडे काही आहे का ते पाहून ठरवणं त्याला न्याय्य वाटतं. पण असं चालत असेल तर प्रत्येक जण शेवटपर्यंत थांबेल आणि पास या शब्दाला काही किंमतच उरणार नाही. मला नियम काय सांगतो ते हवं आहे, त्यामागच्या कारणासकट.

दुसरी गोष्ट. आमच्यातले एक काका नव्वदच्या दशकातली कार्डं जपून आहेत. त्यांच्या काउंटरस्पेलवर 'इंटरप्ट' छापलंय. ते म्हणतात, इंटरप्ट हे इन्स्टंटपेक्षा (कुणाच्याही पाळीत टाकता येणाऱ्या कार्डापेक्षा) वेगवान असतं, त्याला साध्या इन्स्टंटनं उत्तर देता येत नाही. कार्डावर तसं लिहिलेलं असताना त्यांना चूक कसं म्हणायचं?

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त खटकते. जुने खेळाडू कार्ड टाकतात आणि त्याच झटक्यात परिणाम करून मोकळे होतात. 'तीन कार्ड काढा' असं असेल तर कार्डं हातात गेलेलीसुद्धा असतात. लहान भाऊ बिचारा आपलं कार्ड वाचत असतो, तोवर गाडी पुढे गेलेली. ही मुलं ॲपवर शिकली आहेत, तिथे खेळ आपोआप थांबतो. इथे कोण थांबणार?

प्रतिसाद

ताई, पहिल्या वादात 'अ' बरोबर आहे. नियम 117.4 बघा: सगळ्या खेळाडूंनी मध्ये काहीही न करता लागोपाठ पास केलं की स्टॅकच्या (टाकलेल्या, पण परिणाम व्हायचा बाकी असलेल्या गोष्टींच्या थप्पीच्या) सगळ्यात वरची गोष्ट रिझॉल्व्ह होते, म्हणजे तिचा परिणाम होतो. कार्ड हातात धरलंय की टेबलावर ठेवलंय याचा काही संबंध नाही. स्पेल (टाकायचं कार्ड) जाहीर करून किंमत भरली की ते स्टॅकवर गेलं. 'अ'नं प्रायोरिटी (काही करायचा हक्क) सोडली, मग ब, क आणि तुम्ही. तुमच्या पासनंतर 'ब'कडे परत यायला जागाच नव्हती. आधी बसणाऱ्यावर भार पडतो हे खरं आहे, पण चौघांच्या खेळात जागेला किंमत आहे ती यामुळेच. 'क'च्या पाळीत तोच 'ब' शेवटी असेल.

मात्र एक बारकावा आहे आणि तो मुलांना जरूर शिकवा. पास म्हणजे त्या स्पेलवरचा हक्क कायमचा सोडला, असं नाही. समजा तुम्ही शेवटच्या, काउंटर नाही, पण हातात ब्रेनस्टॉर्म आहे. बिहेमथ स्टॅकवर असताना तुम्ही ते टाकलंत. आता प्रायोरिटी पुन्हा सगळ्यांकडे फिरते. ब्रेनस्टॉर्म रिझॉल्व्ह झालं, तुम्ही तीन कार्डं काढली, दोन परत ठेवली, की प्रायोरिटी पुन्हा 'अ'पासून सुरू होते, कारण पाळी त्याची. बिहेमथ अजून स्टॅकवरच आहे. त्यामुळे आधी पास केलेला 'ब' आता अगदी नियमात राहून काउंटरस्पेल टाकू शकतो, आणि ब्रेनस्टॉर्ममध्ये तुम्हाला काउंटर सापडलं असेल तर तुम्हीसुद्धा. मागून कुणीतरी काही करेल या भरवशावर पास करणं हा जुगार आहे, पण वैध जुगार आहे. त्या दिवशी मागून कुणीच काही केलं नाही, एवढंच.

बिहेमथ उतरल्यावर काय, तेही सांगतो. तो आल्यामुळे त्याची बळ वाढवणारी जी ॲबिलिटी (कार्डावर लिहिलेला गुण) आपोआप सुरू, म्हणजे ट्रिगर, होते ती स्टॅकवर जाते आणि 'ब'ला पुन्हा प्रायोरिटी मिळते. पण काउंटरस्पेल फक्त स्पेलला लागतं, ॲबिलिटीला नाही. तिथे स्टायफलसारखं, ॲबिलिटी रद्द करणारं कार्ड हवं. नाहीतर त्या क्षणी त्याचे क्रीचर मारा. किती बळ वाढणार हा आकडा ॲबिलिटी रिझॉल्व्ह होताना मोजला जातो, त्यामुळे दोन-तीन कमी केले तरी जीव वाचू शकतो.

प्रतिसाद

काकांच्या कार्डाबद्दल. काउंटरस्पेल 1993च्या पहिल्या संचापासून आहे आणि तेव्हा त्याचा प्रकार खरंच इंटरप्ट होता. त्या काळी काका म्हणतात तसेच वेगळे नियम होते. 1999मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत नियम नव्यानं मांडले गेले, स्टॅक आला आणि सगळे इंटरप्ट इन्स्टंट झाले. कार्डावर काय छापलंय यापेक्षा त्याचा आजचा अधिकृत मजकूर धरायचा, तो गॅदररवर (खेळाच्या अधिकृत कार्ड-संग्रहाच्या संकेतस्थळावर) मोफत वाचायला मिळतो. काकांचं कार्ड आजही खेळता येतं, फक्त त्याला दुसऱ्या काउंटरनं उत्तर देता येतं. आणि शेवटी आलेलं आधी रिझॉल्व्ह होतं. एकाच स्पेलवर दोघांनी काउंटर टाकलं, तर दुसऱ्याचं आधी लागेल आणि पहिल्याचं टार्गेट नाहीसं झाल्यानं ते वाया जाईल. म्हणून मित्राचं काउंटर स्टॅकवर असताना आपलंही त्याच स्पेलवर टाकायची घाई करू नका, आपलं त्याच्या रक्षणासाठी ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ब्रेनस्टॉर्मची बाजू आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आणखी दोन शंका. भावानं पिथिंग नीडल (उतरताना एका कार्डाचं नाव निवडायला लावणारं कार्ड) टाकली तेव्हा 'ब' म्हणाला, "आधी नाव सांग, मग काउंटर करायचं का ते बघतो." हे बरोबर आहे का? आणि कमांडर काउंटर झाला तर पुढच्या वेळी दोन मॅना जास्त लागतात का? तो तर उतरलाच नव्हता.

प्रतिसाद

नाव सांगायची गरज नाही. टार्गेट (कशावर टाकलं), मोड (कार्डावरच्या पर्यायांपैकी कोणता) आणि एक्सची किंमत स्पेल टाकतानाच ठरते, ती ऐकूनच काउंटर करायचं की नाही ते ठरवा. नीडलचं नाव मात्र ती रिझॉल्व्ह होऊन उतरताना निवडलं जातं आणि तेव्हा काउंटरची वेळ निघून गेलेली असते. भावानं नाव सांगू नये. 'ब'नं आंधळेपणानंच ठरवावं.

मॅना लीकचंही (समोरच्यानं तीन मॅना भरले नाहीत तर त्याचं स्पेल काउंटर करणाऱ्या कार्डाचं) तसंच. तीन मॅना भरायचे की नाही हे लीक रिझॉल्व्ह होताना विचारलं जातं, आणि त्या क्षणी लँड टॅप करून भरता येतं. ते भरत असताना मध्ये कुणाला काही करता येत नाही. त्याच्या लँड आधी टॅप करवायच्या असतील तर लीक स्टॅकवर असतानाच ते करा.

कमांडर: हो, दोन जास्त. नियम 903.8 कमांड झोनमधून (कमांडर ठेवायच्या वेगळ्या जागेतून) किती वेळा टाकला ते मोजतो, उतरला की नाही ते नाही. काउंटर झालेला कमांडर ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जातो, तिथून मालकाला हवं तर कमांड झोनमध्ये परत नेता येतो.

घाईबद्दल माझं ठाम मत आहे. स्पेल टाकणाऱ्यानं कार्ड समोर ठेवून मोठ्यानं नाव घ्यायचं आणि "चालेल?" विचारून तिघांच्या तोंडून उत्तर येईपर्यंत लायब्ररीला (कार्डं काढायच्या गठ्ठ्याला) हात लावायचा नाही. कार्ड एकदा हातात मिसळलं की मागे जाणं फार अवघड होतं. उत्तरंही क्रमानेच द्यायची: आधी 'ब', मग 'क', मग तुम्ही. मागचा आधी "माझ्याकडे काही नाही" बोलून गेला तर पुढच्याला फुकटची माहिती मिळते. नवीन मुलं असतील तेव्हा त्यांना कार्ड पूर्ण वाचू द्या, हे नियमात नसलं तरी करा.

धागाकर्ती

हे सगळं एका पानावर मराठीत लिहून टेबलाला चिकटवते. काकांना 1999चा बदल मी स्वतः दाखवेन. एकच राहिलं: लँड ठेवली तर तिला काउंटर करता येतं का? धाकटा विचारतोय.

प्रतिसाद

नाही. लँड हे स्पेल नाही, ती स्टॅकवर जातच नाही. मॅनासाठी लँड टॅप करणंही स्टॅकवर जात नाही, त्यामुळे त्यालाही उत्तर देता येत नाही. धाकट्याला सांगा, प्रश्न चांगला आहे.