चिचिबूची रात्रीची जत्रा: आईबाबांना २ डिसेंबरला न्यावं की ३ ला? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईबाबा नोव्हेंबरअखेर तोक्योला येताहेत. बाबांना जत्रांचं भारी वेड, त्यामुळे चिचिबू जिन्जाची (चिचिबू गावातलं शिंतो देऊळ) जत्रा दाखवायचीच असं ठरवलंय. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय का?

सगळं अडलंय ते दान्गोझाकाच्या चढावर. ३ तारखेच्या रात्री सहाही रथ दोरखंडांनी तिथून वर ओढतात, एकेक दहा टनांच्या पुढचा, आणि डोक्यावर आतषबाजी. बघण्यासारखं तेच. पण गर्दी तुफान, थंडी शून्याच्या आसपास. शिवाय रथांना रूळ ओलांडता यावेत म्हणून चिचिबू रेल्वेच्या वरच्या विजेच्या तारा चक्क काढतात, त्यामुळे त्या वेळात ती गाडी तिथे बंद. मग परतायला सेइबू या दुसऱ्या रेल्वे कंपनीचीच लाइन, तोक्योतल्या इकेबुकुरोपर्यंत एक्स्प्रेसने साधारण ८० मिनिटं. आईचे गुडघे दुखतात, तासन्‌तास उभं राहणं तिला झेपणार नाही. २ तारखेला चारच रथ फिरतात, चढावरचा थरार नाही. बाबा म्हणे, "एवढं लांब येऊन आदल्या दिवशीचं काय बघायचं?"

आईचं वेगळंच. तिला मी गोष्ट सांगितली: देवळातली म्योकेन देवी आणि बुको डोंगराचा देव वर्षातून याच रात्री भेटतात. देवाची बायको मात्र वाटेतल्या सुवा देवळात, म्हणून तिच्या दारावरून जाताना ढोल-बासरी एकदम गप्प. आईचा लगेच प्रश्न, "आणि एवढे रथ जातात ते तिला दिसत नाहीत होय?" आता तिला चढाबिढापेक्षा तीच जागा बघायचीय. तिथे आसपास टेकायला काही मिळतं का?

देऊळ दुपारी उजेडातच बघू. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूने १५९२ मध्ये बांधवलेलं, कोरीवकाम बघायला वेळ हवा. निक्कोच्या देवळातल्या डोळे, कान, तोंड झाकलेल्या प्रसिद्ध माकडांच्या उलट इथली तीन माकडं डोळे, कान, तोंड उघडे ठेवून बसलीत, ती बाबांना आवडतील.

दोघंही शाकाहारी. मिसो पोटॅटो म्हणजे आपली बटाटाभजीच, वरून गोडसर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), पण त्या मिसोत माशाचं दाशी (सार) असतं का? ठेल्यावर विचारलं तर नीट सांगतात का?

चढाजवळच्या बैठकीसाठी आधी अर्ज करावा लागतो म्हणे. तिथे खुर्च्या असतात की मांडी घालून बसायचं? मांडी असेल तर आमचा विषयच संपला, मी २ तारखेची तिकिटं काढतो.