पार्लरमध्ये मस जाळून घेण्याबद्दल

वर कोणीतरी लिहिलंय की पार्लरवाली दोन मिनिटात मस जाळून देते, मग डॉक्टरला पैसे कशाला द्यायचे. निरुपद्रवी असेल तर ठीक, पण तसा आहे हे ठरवलं कोणी? जाळला की तपासायला काही उरतच नाही ना. आमच्या वहिनीचा नाकाजवळचा मस इथं नागपुरात धरमपेठेत काढला तेव्हा स्किनवाल्या डॉक्टरनी आधी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवून नीट पाहिलं, मग बधिर करायचं इंजेक्शन देऊन ब्लेडनी वरच्यावर कापला आणि तो मसुराएवढा तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणारं द्रव) बाटलीत टाकून बायॉप्सीला पाठवला. रिपोर्ट साधाच आला.

अन सगळे चेहऱ्याचंच बोलून राहिले, पण आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे मसासारखा दिसू शकणारा कातडीचा कॅन्सर, मुळात कमी आणि झालाच तर बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली सापडतो, तिथं एखादा काळा डाग वाढताना दिसला तर आधी तो दाखवा. नुसतं दिसण्यासाठी काढायचा असेल तर घाई काय आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर नकोच, त्या उन्हात दुपट्टा कितीही गुंडाळा, काढलेल्या जागी काळपट डाग राहू शकतो. दिवाळीनंतर काढा, सनस्क्रीन तेव्हाही लागेलच.