‘फुलसम’ कौतुक: भरभरून की नको इतकं?

लेखणी: इंग्रजी बातम्यांत ‘फुलसम प्रेझ’ हल्ली सर्रास ‘भरभरून कौतुक’ या अर्थाने दिसतं. माझ्या मते हा वापर चूक आहे. फुलसम म्हणजे अति झालेली, ऐकणाऱ्याला शिसारी यावी अशी स्तुती. आपल्याकडचे प्राध्यापकसुद्धा शिफारसपत्रात हा शब्द चांगल्या मनाने घालतात. परदेशात ते पत्र वाचणाऱ्याला त्यात लाळघोटेपणा दिसला, तर नुकसान विद्यार्थ्याचं.

जुनी वही: असहमत. हा शब्द 13व्या शतकातला, ‘फुल’ला ‘सम’ जोडून झालेला, आणि त्याचा पहिला अर्थ ‘विपुल’ हाच. वाईट अर्थ मागाहून चिकटला. मेरियम-वेब्स्टर कोशही विपुलतेचा अर्थ आधी देतो. मूळ अर्थ परत रुळत असेल तर चूक कसली?

लेखणी: मुळावरच जायचं तर ‘नाइस’चा अर्थही मूर्ख धरावा लागेल, तो एके काळी तसाच होता. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये ऑलिव्हिया ऑर्सिनोला सुनावते, तुमचं तेच जुनं पालुपद असेल तर ते माझ्या कानांना ‘फॅट अँड फुलसम’ वाटतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच या शब्दात वीट होता.

जुनी वही: ‘नाइस’ तर माझ्या बाजूने बोलतो! मूर्खापासून छानपर्यंत तो आलाच ना? मग फुलसमलाच का अडवायचं?

मधली ओळ: मी भाषांतरं करते, म्हणून लिहिते. वेब्स्टरमध्येच पुढे टीप आहे, की संदर्भ स्पष्ट नसेल तर ‘फुलसम प्रेझ’ कोणत्या अर्थाने आलंय ते वाचकाला कळत नाही. माझं घोडं तिथेच अडतं. मंत्र्याने नेत्याची ‘फुलसम’ स्तुती केली, तर ‘तोंडभरून’ लिहू की ‘तोंडपुजेपणाने’? पहिली झाली बातमी, दुसरा झाला आरोप. मूळ लेखकाला विचारायची सोय बहुतेक वेळा नसते.

जुनी वही: ताई, अडचण खरी आहे. पण संदिग्ध म्हणून शब्द टाकत गेलो तर फार थोडे उरतील. ‘फुलसम अपॉलॉजी’ म्हटल्यावर कुणाला शंका येते?

लेखणी: मला येते. मनापासूनची माफी की गोडगोड दिखावा? बातमीत निदान आजूबाजूची वाक्यं मदतीला येतात. शिफारसपत्र चार ओळींचं, आणि खुलासा करायला आपण तिथे नसतो. तिथे सरळ ‘हाय प्रेझ’ लिहा.