मदत हवी आहे: फक्त रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला सिरॅमिक ब्रेक परत घालू की लोखंडी डिस्कवर जाऊ? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वीस वर्षं मनात धरलेली गाडी तीन वर्षांपूर्वी घेतली, पोर्शे केमन एस, २०१४ ची, सेकंडहँड. पहिल्या मालकाने ती कार्बन-सिरॅमिक ब्रेकसकट मागवली होती, म्हणजे ते पिवळे कॅलिपरवाले (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड). घेताना मला त्याचं अप्रूपच होतं. आज त्याच ब्रेकपायी अडलोय.

गेल्या महिन्यात पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या पुढे समोरच्या डाव्या टायरात खिळा गेला. या गाडीत स्टेपनी नसते, टायरमध्ये ओतायचा द्रव आणि हवेचा पंप असतो. द्रव ओतून टायर चिकट करण्यापेक्षा पंक्चर काढून घेऊ म्हणून हायवेकडेच्या दुकानात थांबलो. या गाडीला नट नाहीत, थेट हबमध्ये जाणारे पाच बोल्ट आहेत. पाचही बोल्ट निघाले की चाक लटकायला काहीच उरत नाही. म्हणून एक बोल्ट काढून त्या जागी लांब गाइड पिन फिरवायची आणि चाक तिच्यावरून सरळ बाहेर ओढायचं, अशी पद्धत आहे. पिना माझ्याच टूलकिटमध्ये होत्या. मी फोनवर बोलत होतो, त्या पोराला सांगितलं नाही. चाक घसरलं, रिमची आतली कड डिस्कच्या काठावर बसली आणि टवका उडाला. त्या पोराचा यात काही दोष नाही, सांगायचं काम माझं होतं. लोखंडी डिस्कला अशाने फार तर ओरखडा पडला असता. सिरॅमिक कडक असतं, पण काठावर मार बसला की तुटतं.

वर्कशॉपचं म्हणणं, टवका मर्यादेबाहेर आहे, समोरच्या दोन्ही डिस्क बदला. दोन डिस्कचा जो आकडा सांगितला त्यात माझ्या कारखान्यात एक सेकंडहँड रेपियर माग उभा राहतो. दुसरा रस्ता म्हणजे त्याच कॅलिपरमध्ये बसणाऱ्या ३५० मिलिमीटरच्या लोखंडी डिस्क आणि त्यांना चालणारे वेगळे पॅड, चारही चाकांना. त्याचा खर्च सिरॅमिकच्या एका जोडीपेक्षाही बराच कमी येतो.

आधी माझा वापर सांगतो, त्याशिवाय उत्तर कसं देणार. रविवारी पहाटे सोलापूर ते मोहोळ आणि परत. महिन्यातून एकदा आईला घेऊन तुळजापूर, जाताना घाट चढायचा, येताना उतरायचा. दोन महिन्यांतून एकदा पुणे. ट्रॅकवर गाडी कधी नेली नाही, नेणारही नाही. ऊसाच्या हंगामात तर रात्रीचा हायवे मी टाळतोच. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात एकदम समोर येते.

मी थोडा हिशोब मांडला आहे, चुकत असेल तर सांगा. गाडी आणि आम्ही दोघं मिळून साधारण १५०० किलो. ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबायचं तर जवळपास ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर धरला आणि पुढच्या दोन लोखंडी डिस्कचं वजन मिळून २० किलो धरलं, तर एका थांब्याला डिस्क चाळीसेक अंशांनी तापते. बस्स. घाटाचं म्हणाल तर १०० मीटर उंची उतरायला सुमारे १५ लाख ज्यूल, म्हणजे वरच्या हिशोबाने अडीच थांबे. तोही सगळा भार ब्रेकवर टाकला तर. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरलं की बराचसा इंजिनच खातं. २०० च्या वेगाला मात्र हीच ऊर्जा चौपट होते, आणि ट्रॅकवर दर मिनिटाला तीन-चार वेळा तसं दाबावं लागतं. तिथे लोखंडी डिस्क लाल होते, पॅड बांधून ठेवणारं चिकट द्रव्य जळून वायू सुटतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. सिरॅमिकचं खरं घर तिथे आहे. माझ्या रस्त्यावर ती वेळ येत नाही असं मला वाटतं.

तरी हात धजत नाही, कारण या डिस्क मी तीन वर्षं वापरल्या आहेत. आपल्या मे महिन्यातल्या फुफाट्यातही रिम स्वच्छ राहतात, काळी भुकटी बसत नाही. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तरी गंज नाही. त्याच मापाच्या लोखंडी डिस्कपेक्षा या जवळपास निम्म्या वजनाच्या. चाकाशी फिरणारं, स्प्रिंगच्या खालचं हे वजन कमी असल्याचा फरक खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये कळतो, निदान मला कळतो असं वाटतं. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ ला हे ब्रेक पहिल्यांदा दिले तेव्हाचा एका मासिकातला फोटो मी कापून ठेवला होता. तो अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. म्हणून नुसता पैशाचा विचार करून निर्णय होईना.

प्रश्न एवढाच. आई शेजारी बसलेली असताना समोर ट्रॉली आली, तर सिरॅमिकवर गाडी लवकर थांबेल का? उत्तर हो असेल तर मी पैसे घालतो. नसेल तर नाही.

प्रतिसाद

अहो दादा, एवढं कशाला वो? मी पण सोलापूरचाच, जोडबसवण्णा चौकातला. आपल्या इथं गॅरेजला सिरॅमिक पॅड मिळतात की, चार-पाच हजारात. माझ्या सेडानला टाकलेत, आवाज नाही, धूळ नाही, लई भारी. तेच टाका.

प्रतिसाद

वरच्या भावाला नम्रपणे सांगतो, नाव एकच असलं तरी वस्तू दोन आहेत. सिरॅमिक पॅड म्हणजे सिरॅमिकचे तंतू मिसळलेलं घर्षणाचं मटेरियल, ते साध्या लोखंडी डिस्कवर चालतं. धागाकर्त्यांच्या गाडीची डिस्कच सिलिकॉन कार्बाइडची आहे, आत कार्बनचे तंतू. साधे सिरॅमिक पॅड तिच्यावर लावायचे नाहीत. उलटंही तेच, त्यांचे आत्ताचे पॅड लोखंडी डिस्कवर चालणार नाहीत. नावाच्या या गोंधळात लोकांनी महागड्या डिस्क खराब करून घेतल्या आहेत, म्हणून लिहिलं.

आता दादा, तुमच्यासाठी. मी पुण्यात राहतो, वर्षातून दोनदा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी चालवतो. तुमचा हिशोब बरोबर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आहे. जोरात पेडल मारल्यावर तुमचं एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा, थरथरतं ना? थरथरत असेल तर ब्रेकमध्ये चाक अडवण्याची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यानंतर गाडी किती मीटरमध्ये थांबणार हे टायर आणि रस्ता ठरवतात. डिस्क कशाची आहे याने पहिल्या थांब्याला फरक पडत नाही, पडतो तो दहाव्या-पंधराव्या थांब्याला.

एक गैरसमजही काढतो, कारण तुम्हाला कोणीतरी तो नक्की सांगेल. "सिरॅमिक थंड असताना धरत नाही" हे फॉर्म्युला वनच्या कार्बन-कार्बन डिस्कबद्दल खरं आहे, त्यांना काही शे अंश तापल्याशिवाय पकड येत नाही. रस्त्यावरच्या कार्बन-सिरॅमिकचं तसं नाही. फक्त धो-धो पावसात किंवा गाडी धुतल्यावर पहिल्या दाबाला पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत क्षणभर उशीर जाणवू शकतो.

गंमत म्हणजे ट्रॅकवर जाणारे माझे दोन मित्रच सिरॅमिक काढून लोखंडी चालवतात. सिरॅमिक डिस्क जाडीने झिजत नाही, अति उष्णतेने तिच्यातला कार्बन हळूहळू जळतो आणि ती वजनाने उतरते. म्हणून डिस्कच्या मधल्या भागावर किमान वजन कोरलेलं असतं. तुमच्या डिस्क काढाल तेव्हा वजन करून बघा, मागच्या दोन किती शिल्लक आहेत ते कळेल. आणि समोर लोखंडी, मागे सिरॅमिक अशी सरमिसळ करू नका. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो.

प्रतिसाद

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. माझं आयुष्य ड्रम ब्रेक आणि त्यांच्या लायनरमध्ये (डिस्कला पॅड, तसं ड्रमला लायनर) गेलं, तुमच्या या डिस्कला मी हातही लावलेला नाही. पण घाटात लायनरचा धूर निघालेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या, त्यावरून दोन गोष्टी विचारतो.

एक, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच हद्द १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल फळीला टेकतं. मग डिस्क सोन्याची असली तरी उपयोग नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो.

दुसरं, टायरवर डॉट अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात ते वाचून सांगा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चालणाऱ्या गाडीचे खाचे नवे दिसतात, आणि रबर मात्र आपल्या उन्हात दगड झालेलं असतं.

आईंना घेऊन जाता म्हणालात, म्हणून काळजीने विचारतोय.

धागाकर्ता

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच टॉर्च घेऊन खाली गेलो. समोरच्या दोन्ही टायरवर ३२१८ आहे, म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. मागचे त्याहून जुने. ब्रेक ऑइलची नोंद सर्व्हिस बुकात शोधली, मी गाडी घेतल्यापासून एकदाही नाही. तीन वर्षं मी पिवळे कॅलिपर पुसत राहिलो आणि आईला या टायरांवर घाट उतरवत राहिलो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

पुण्याच्या दादांनी सांगितलं तसं आज चारही डिस्क उतरवून कारखान्यात सूत मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. चारही कोरलेल्या किमान वजनाच्या बऱ्याच वर आहेत, टवका उडालेलीसुद्धा. म्हणजे पहिल्या मालकाने गाडी ट्रॅकवर झिजवलेली नाही. त्या एका काठाचीच काय ती हानी.

ठरवलं असं: चारही टायर नवे, ऑइल आधी बदलायचं, मग चारही चाकांना लोखंडी डिस्क आणि त्यांचेच पॅड. ऑर्डर उद्या देतो. तिन्ही चांगल्या सिरॅमिक डिस्क त्यांच्या पॅडसकट टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवल्या आहेत. पुढे गाडी ज्याच्याकडे जाईल त्याच्या हवाली करेन, एक डिस्क तो घेईल.

सामान येईपर्यंत गाडी जॅकस्टँडवर आहे. आईला या महिन्यात तुळजापूरला मोठ्या गाडीतून नेतो, तिलाही टायरांचं सांगितलं.

आता एकच विचारायचं राहिलं. नवे पॅड डिस्कवर बसवायला ८०-९० वरून ३० पर्यंत असे आठ-दहा दाब, पूर्ण न थांबता, आणि मग गाडी थंड होईपर्यंत नुसती चालवायची, असं वाचलं आहे. मोहोळ रोडवर पहाटे पाचला रस्ता मोकळा असतो, पण मागून येणाऱ्या ट्रकला माझे ब्रेक लाइट सारखे पेटताना दिसतील. पुण्याचे दादा, तुम्ही हे कुठे आणि कसं करता?

प्रतिसाद

एकटे जाऊ नका. मागे दुसरी गाडी पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावून शंभरेक मीटर अंतरावर ठेवा. तुमचा भाऊ किंवा मित्र चालवू दे. आणि शेवटचा दाब झाल्यावर ब्रेक पेडल दाबून उभं राहू नका, पॅड तापलेल्या डिस्कला एका जागी चिकटून डाग धरतात आणि मग पेडल थरथरतं.

धागाकर्ता

धाकटा भाऊ तयार आहे. डिस्क आल्या की इथेच लिहितो.