मदत हवी आहे : न्यूकॅसलचा फनेल-वेब कोळी आणि दिवसभर घरी एकटे आईबाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला राहतो. डिसेंबरात आईबाबा येताहेत. बाबांचा जीव बागेत, आणि हातमोजे त्यांना अजिबात चालत नाहीत. आम्ही दोघं दिवसभर कामावर.

इथला फनेल-वेब (नरसाळ्यासारखं जाळं विणणारा जहाल विषारी कोळी) आजवर सिडनीच्याच जातीत धरला जायचा. जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांनी तो वेगळा असल्याचं जाहीर केलं : अ‍ॅट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी. सिडनीवाल्याहून मोठा, पायांसकट ९ सेंटिमीटरपर्यंत. उन्हाळ्यात नर मादीच्या शोधात बिळाबाहेर पडून रात्री भटकतात. दिवसा मग बुटात, ओल्या कपड्यांच्या ढिगात दडून बसतात. फनेल-वेबच्या नराचं विष माणसाच्या मज्जातंतूंवर फार झपाट्याने चढतं, कुत्र्या-मांजरांना मात्र तितकं बाधत नाही. म्हणून ‘शेजारच्या कुत्र्याला चावला, काही झालं नाही’ या गोष्टीने मला धीर येत नाही.

परवा पोहण्याच्या तलावाच्या जाळीत एक सापडला. काळा कुळकुळीत, पाय आखडलेले. मेलाच म्हणून काठी लावली, तर पुढचे पाय उभारून सुळे दाखवायला लागला! अंगावरच्या लवेत हवा धरून हे पाण्यात तासन्‌तास जगतात. बाबांनी हाताने उचलला असता.

प्रतिविष १९८१ पासून आहे, तेव्हापासून फनेल-वेबमुळे मृत्यूची नोंद नाही, आणि या जातीवरही तेच चालतं. माझी काळजी दवाखान्यात पोचेपर्यंतची आहे. आईला इंग्रजी जेमतेम येतं. चावल्यावर विष लवकर पसरू नये म्हणून पट्टी बांधायची असते, ती एकटी बांधू शकेल का? फोनवर काय बोलेल? वयस्कर माणसांकडून कोणी सराव करून घेतलाय का?

प्रतिसाद : आम्ही सासूबाईंना शिकवलंय, जमतं. रुंद लवचिक पट्टी बोटांपासून थेट खांद्यापर्यंत, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितकी घट्ट. मग हात फळीला बांधून स्थिर ठेवायचा. चिरणं, चोखणं, धुणं काही नको, आणि बाबांना एक पाऊलही चालू द्यायचं नाही. ००० (इथला आणीबाणीचा नंबर) लावून ‘ॲम्ब्युलन्स, स्पायडर बाइट’ आणि पत्ता, एवढं पाठ करून घ्या. पत्ता इंग्रजीत बोलायचा तसाच देवनागरीत लिहून फोनशेजारी चिकटवा. पट्टीचा सराव बाबांच्याच हातावर करा, म्हणजे हातमोज्यांचं बोलणंही तिथेच होईल.