मदत हवी आहे : रोटरच्या पात्यांचे बोल्ट सुटत नाहीत, बॅटरीवरची गन घेऊ का?

काळ्या_रानातला

राम राम मंडळी. मंगळवेढ्याजवळ शेती आहे. स्वतःचं बारा एकर, बाकी दिवस ट्रॅक्टर भाड्याने चालतो. सहा फुटी रोटर (रोटाव्हेटर, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करतो तो) आहे, पाती झिजून बोटाएवढी उरली आहेत. ज्वारीची पेरणी तोंडावर आली, लोकांचे फोन सुरू झालेत आणि रोटर अंगणात उताणा पडलाय.

४२ पाती, प्रत्येक पातीला दोन बोल्ट, म्हणजे ८४. दोन संध्याकाळी घालवल्या आणि सुटले किती? नऊ. रिंग पाना, त्यावर अडीच फुटाचा पाईप, पाईपावर चुलत भाऊ उभा. एकदा पाना सटकला तेव्हा भाऊ थेट गोठ्यात.

मग शेजाऱ्याची बॅटरीवरची इम्पॅक्ट गन, म्हणजे नट-बोल्ट सोडायचं यंत्र, आणली. डब्यावर ८८ व्हीएफ आणि १००० न्यूटन मीटर (पिळायच्या ताकदीचं माप) असं छापलंय. तिने आणखी सात सोडले. बाकीच्यांवर नुसता टर्रर्र आवाज, गोटी (सॉकेट) बोल्टच्या डोक्यावरून फिरते आणि डोकं गोल होतं. आता पुढे करायलाही भीती वाटते.

कंप्रेसर घेऊन हवेची गन लावायचा विचार केला होता, पण आमच्याकडे थ्री फेज येते रात्री, आणि रात्री पाणी धरायचं की बोल्ट सोडायचे? तालुक्यातला वेल्डिंगवाला चार दिवस रोटर ठेवून जा म्हणतो.

चांगल्या कंपनीची गन घेतली तर काम होईल का? किती ताकदीची घ्यावी? की माझंच काही चुकतंय?

तोडा_नि_जोडा

कशाला एवढा खटाटोप. ग्राइंडर घ्या, नट कापा, नवे बोल्ट टाका. जुने बोल्ट कोण परत वापरतं? गनच्या पैशात दहा वर्षांचे बोल्ट येतील.

काळ्या_रानातला

दादा, चार कापायला बघितले, जमलं नाही. आत हात जात नाही, चकती वाकडी लागली की फुटते. दोन चकत्या गेल्या. एक तुकडा ट्रॅक्टरच्या हेडलाइटला लागला. शिवाय शेजारी कडब्याची गंज आहे, ठिणग्या बघून आईने अंगणात पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या.

चाकण_दुसरी_पाळी

कंपनीत मेंटेनन्सला आहे, रोज हेच काम. गन कोणती घ्यावी हे नंतर बघू. आधी एवढं सांगा: गोटी कसली आहे, आतून सहा कोपऱ्यांची की बारा? चकचकीत की काळी? गन आणि गोटीच्या मध्ये एक्स्टेन्शन आहे का? बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप)? आणि बोल्टची दुसरी बाजू कोण धरतं?

काळ्या_रानातला

गोटी वडिलांच्या जुन्या सेटमधली, चकचकीत, आतून चांदणीसारखी. मोजल्या, बारा कोपरे. २२ ची. एक्स्टेन्शन आहे, वीतभर, कारण गनचं तोंड शेजारच्या पातीला अडतं. बॅटरी छोटी, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला भाऊ रिंग पाना धरून बसतो.

चाकण_दुसरी_पाळी

मग गनला कशाला दोष देता. तिची निम्मी ताकद वाटेतच जिरतेय.

इम्पॅक्ट गन पान्यासारखी जोर लावून धरत नाही. ती हातोडी मारते. आत एक जड हातोडा स्प्रिंगवर फिरत असतो, अडला की मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर आपटतो. गोटी त्या ऐरणीच्या टोकाला असते. मिनिटाला असे दोन-अडीच हजार घाव बसतात. म्हणून तर हजार न्यूटन मीटर म्हणवणारी गन माणूस हातात धरू शकतो, नाहीतर मनगट मोडलं असतं.

आता घाव जिथे जागा मिळेल तिथे जिरतो. लांब एक्स्टेन्शन ओलं धोतर पिळल्यासारखं पीळ खातं. गोटी सैल असेल तर घाव त्या फटीत जातो. मागचा पाना हलला तर तिथे जातो. बोल्टपर्यंत पोचतो तो उरलेला. तुम्ही सरळ छिन्नीवर घण मारा आणि मग मध्ये गादी ठेवून मारा, फरक कळेल.

ती चकचकीत गोटी आजपासून गनवर लावू नका. हाताच्या पान्याची गोटी क्रोम व्हॅनेडियमची, कडक असते. घाव खाऊन तडकते आणि तुकडे डोळ्यात जातात. गनसाठी काळी, जाड भिंतीची, क्रोम मॉलिब्डेनमची गोटी मिळते. सहा कोपऱ्यांचीच घ्या. बारा कोपऱ्यांची टोकाला धरते आणि टोकच खाते. सहाची सपाट बाजूला धरते.

बॅटरीचं सांगतो. ते ८८ व्हीएफ म्हणजे व्होल्ट नव्हेत, नुसतं स्टिकर आहे. अशा पॅकमध्ये बहुतेक पाच सेल एका ओळीत असतात. सेलचे ३.६ धरले तर १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ धरले तर २१. म्हणून कोणी १८ लिहितं, कोणी २० मॅक्स, कोणी २१. माल तोच. फरक पडतो तो एएचने. २ एएचच्या छोट्या पॅकमध्ये पाचच सेल, गनने एकदम करंट ओढला की व्होल्टेज बसतं आणि घाव मंदावतात. ४-५ एएचमध्ये सेलच्या दोन ओळी असतात, ताण वाटला जातो. मोठी बॅटरी म्हणजे नुसतं जास्त वेळ नव्हे, घावही जोरकस.

टायरवाला_नाना

बरोबर सांगितलंय. त्यात माझं एक घाला. नट सोडायच्या आधी गन जरा घट्ट करायच्या बाजूला फिरवा. एकच झटका, फार नाही. गंज मोडतो. मग उलटी लावा. आमच्याकडे हटवादी चाकं अशीच निघतात.

आणि कुठल्या बाजूला फिरवताय ते बघा हो. हसू नका. जुन्या विलीस जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. मी शिकाऊ असताना एकाने दोन स्टड तोडले, तेव्हा कोणीतरी सांगितलं की तू घट्ट करतोयस.

काळ्या_रानातला

नाना, रोटरला सरळ आटे आहेत, तेवढं तपासलंय :)

हार्डवेअरवाली_ताई

ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) आमचं दुकान आहे, हंगामात दिवसभर हेच बोल्ट विकते. भाऊ, एक विचारू? तुमच्या रोटरला सगळे बोल्ट कंपनीचेच आहेत, की मध्ये कधी बाजारातले टाकलेत?

काळ्या_रानातला

गेल्या साली काही तुटले होते, ते बाजारातले टाकले. १४ एमएमचेच, तोच ग्रेड. का हो ताई?

हार्डवेअरवाली_ताई

तेच वाटलं. १४ एमएमच्या बोल्टचं डोकं दोन मापांत येतं. जुन्या डिन (जर्मन) मापात २२, नव्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मापात २१. आटे एकच, नट एकमेकांना बसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. १० एमएमला १७ आणि १६, १२ एमएमला १९ आणि १८ असाच घोळ. गिऱ्हाईक येऊन भांडतं की पाना बसत नाही, बोल्ट खोटा आहे.

तुमची गोटी २२ ची. २१ च्या डोक्यावर ती बसते, पण एक एमएम सैल. वर बारा कोपरे. गोल नाही होणार तर काय होणार? माती खरवडून एकेक डोकं मोजा.

काळ्या_रानातला

ताई, पाय कुठे आहेत तुमचे.

पुतण्या आयटीआयला आहे, त्याचा व्हर्नियर घेऊन बसलो. सुटलेले सोळाच्या सोळा २२ चे, म्हणजे गेल्या सालचे बाजारातले. उरलेल्या ६८ मध्ये ६० निघाले २१ चे! रिंग पानासुद्धा मी २२ चाच लावत होतो. दोन संध्याकाळी भावाला विनाकारण पाईपावर उभा केला. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तोडा_नि_जोडा

हा हा. सांगा त्याला, गोठ्यात पडलेला माणूस आहे तो.

चाकण_दुसरी_पाळी

ताईंनी मुळावरच बोट ठेवलं. आता काळ्या २१ आणि २२ च्या आखूड गोट्या आणा. एक्स्टेन्शन लागूच नये म्हणून शेवटच्या फ्लँजपासून (पाती बसतात ती गोल चकती) सुरू करा. तिथली पाती आधी निघाली की पुढच्याला गन सरळ लावायला जागा होते. नटाच्या पुढे निघालेल्या आट्यांवर भाजलेली माती असते, ती वायर ब्रशने काढा. लोक नटाला तेल पाजतात आणि तो पुढचा मातीचा गठ्ठा तसाच ठेवतात, मग नट अर्ध्यात येऊन अडकतो. गंज सोडवायचं तेल किंवा साधं डिझेल रात्रीच सोडून ठेवा.

भावाला पाना हातात धरू देऊ नका. पाना फ्लँजला किंवा शेजारच्या पातीला टेकवा, म्हणजे तो फिरून तिथेच अडेल. गनच्या झटक्याने पाना फिरला तर बोट पात्यात सापडतं.

आणि गोटी बदलताना बॅटरी काढा.

टायरवाला_नाना

रोटर हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरायचं नाही. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणारा दांडा) काढायचा, लाकडी ठोकळे द्यायचे, ट्रॅक्टरची चावी खिशात. डोळ्यांना चष्मा. ऊन लागतं म्हणून घालायचा तो नव्हे, कामाचा.

काळ्या_रानातला

मग गनच्या ताकदीचं काय? दुकानदार म्हणतो हजाराच्या खाली घेऊच नका.

चाकण_दुसरी_पाळी

दुकानदाराला विचारा, हजार सोडायचे की आवळायचे. डब्यावर मोठा आकडा बहुतेक सोडायच्या टॉर्कचा (पिळाच्या जोराचा) असतो. बॉशची जीडीएस १८ व्ही-४०० घ्या, आवळायला ४०० आणि सोडायला ७०० न्यूटन मीटर. मकिताची डीटीडब्ल्यू ३००, आवळायला ३३० आणि सोडायला ५८०. त्यांचीच डीटीडब्ल्यू ७००, ७०० आणि १०००. दोन्ही आकडे छापणारी कंपनी निदान लपवत तरी नाही.

तुमचा १४ एमएमचा ८.८ ग्रेडचा बोल्ट आवळायला लागतात १३० ते १४०. गंज धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. ३००-४०० च्या वर्गातली अर्धा इंची गन पुरे, नटाला नीट बसली तर. हजाराची गन जड, रोटरच्या पोटात तासभर धरून बघा. ट्रकच्या दहा स्टडच्या चाकाला ६०० च्या आसपास लागतात, ते काम रोज असेल तर मोठी घ्या. बॅटरी-चार्जर धरून पाच आकडी खर्च आहे, म्हणून आधी कोणाची तरी मागून आणा.

काळ्या_रानातला

हिशेब देतो.

सांगलीच्या पाहुण्यांकडून ५ एएचवाली गन आणली, काळ्या गोट्या विकत घेतल्या. रात्री डिझेल पाजलं होतं. काल दुपारी तीनला बसलो. नानांचा घट्ट करायचा झटका आधी, मग उलटी. पहिला २१ चा नट सुटला तेव्हा आवाजच बदलला, टर्रर्र करत असतानाच मध्ये एकदम मोकळा झाला. दिवे लागणीपर्यंत ६८ पैकी ५५ सुटले. बॅटरी मध्ये एकदा चार्ज करावी लागली.

मग गंमत म्हणून शेजाऱ्याच्या ८८ व्हीएफवालीला तीच काळी गोटी लावली, एक्स्टेन्शन न लावता. तिनेही तीन सोडले (५५ मध्येच धरलेत). धापा टाकत, पण सोडले.

१३ उरलेत, सगळे मी आधी गोल केलेले. त्यांचं काय करू? गॅसने तापवू का? तापवलं की पातं नरम पडतं असं ऐकलंय.

चाकण_दुसरी_पाळी

पातं बोरॉन स्टीलचं, पाणी दिलेलं असतं, लाल केलं तर नरम पडणारच. पण ते तर तुम्ही भंगारात टाकणार आहात! नटच तापवा, बोल्ट नको. नट फुगला की आटे मोकळे होतात. एकच सांभाळा: दोन्ही टोकांच्या फ्लँजजवळ बेअरिंग आणि ऑइल सील आहे, तिथे ज्योत नको. तिथले कापा. आणि कडब्याची गंज...

काळ्या_रानातला

आईने बादल्या अजून हलवलेल्या नाहीत.

टायरवाला_नाना

नवे आवळताना गनने शेवटपर्यंत आवळू नका. गनने टेकवा, शेवटचा जोर टॉर्क रेंचने किंवा हाताने. गन कळू न देता बोल्ट ताणते, आणि ताणलेला बोल्ट रानात तुटतो. पहिले दोन तास रान मारलं की थांबून सगळे परत एकदा बघा.

काळ्या_रानातला

१३ पैकी नऊ तापवून सुटले, चार कापले. रोटर मोकळा! गन मात्र अजून घेतलेली नाही. पाहुण्यांना परत द्यायला जाताना भाव विचारून येतो, पण खरं सांगायचं तर दोन गोट्यांनीच निम्मं काम केलं.

ताई, नवे बोल्ट तुमच्याकडूनच मागवतो, एसटीच्या पार्सलने येतील ना? ८४ द्या. सगळे एकाच डोक्याचे, हात जोडून विनंती.

हार्डवेअरवाली_ताई

सगळे २१ चेच पाठवते, नट आणि स्प्रिंग वायसरसकट. पण ८४ नको, नव्वद घ्या. मातीत पडलेला बोल्ट कोणाला सापडत नाही.

काळ्या_रानातला

नव्वद आले. मोजून ठेवले होते. आता ८८ आहेत, आणि अजून एकही पातं लावलेलं नाही.