शॉर्टफिल्म ४ ठिकाणी रिजेक्ट झाली, आवाजाचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून यंत्रमाग कामगारावर १८ मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय, म्हणजे आमच्या गल्लीतलाच विषय, दिवसभर मागाचा खडखडाट आणि निम्मं बोलणं तेलुगूत. ४ फेस्टिवलला पाठवली, चारही ठिकाणी नाही. तिघांनी नुसता सॉरीचा मेल टाकला, चौथ्याने लिहिलं की डायलॉग ऐकूच येत नाहीत. कॉलेजात तर सरांनी सगळ्यांसमोर पॉज करून विचारलं, हा सिनेमा आहे का पिठाची गिरणी? सगळे हसले, मी पण हसलो, काय करणार.

अर्धी चूक माझीच आहे, कॉलर माइक भाड्याने घ्यायला पैसे नव्हते म्हणून कॅमेऱ्याच्याच माइकवर सगळं उरकलं. (चित्र मात्र बरं आलंय, ट्यूबलाइट फडफडत होती ती कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद केल्यावर थांबली, आपली वीज ५० हर्ट्झची ना.) पण ज्या मामांनी काम केलंय त्यांना मोबाईलवर दाखवली तर ते म्हणाले, "बरोबर हाय की, तिथं कुणाला काय ऐकू येतंय?" आणि खरंच, शेडमध्ये ते लांबच्या माणसाला हाका मारतच नाहीत, हातानंच खुणा करतात, चहा पाहिजे असला तरी. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणं) मारून बघितलं, मामा विहिरीतून बोलतायत असं वाटतं. मग खोलीत चारी बाजूंनी चादरी टांगून डबिंग केलं (सोलापुरात चादरीला काय तोटा), आवाज घुमायचा थांबला पण माइक समोर आला की मामा शाळेत कविता म्हटल्यासारखं बोलतात आणि ओठ जुळत नाहीत ते वेगळंच.

आता वाटतंय की शेडमधले डायलॉग काढूनच टाकावेत, फक्त खुणा ठेवाव्यात, मागाचा आवाज नीट वेगळा रेकॉर्ड करून खाली लावावा आणि फक्त घरातले सीन डब करावेत. असं कुणी केलंय का? शेडमधून एकदम शांत घरात कट मारला तर कानाला खटकेल का? आणि नवीन कट त्याच फेस्टिवलला परत पाठवला तर घेतात का हो?

नागराज मंजुळेंचं उदाहरण प्लीज देऊ नका, ते जेऊरचे, आपल्याच जिल्ह्यातले, पहिल्याच शॉर्टफिल्मला राष्ट्रीय पुरस्कार, हे घरी रोज ऐकतोय. आमच्या इथल्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत कॉलेजला फायनल कट द्यायचाय आणि मामांना सुट्टी असेल तेव्हाच रेकॉर्डिंग होणार, तर जरा लवकर सांगा.